तलावात लाखो पिल्लं सोडतात, मग जाळ्यात चिलापीच का येते?

दरवर्षी पावसाळ्यात एक फोटो हमखास फिरतो. तलावाचा काठ, चार-पाच पाहुणे, हातात ऑक्सिजन भरलेली फुगीर प्लास्टिकची पिशवी, आणि खाली ओळ : 'तलावात अमुक लाख मत्स्यबीज सोडले'. लाइक पडतात, अभिनंदन होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच तलावावर जाऊन बघितलं तर जाळ्यात तळहाताएवढी चिलापी, मधूनच एखादा शिवडा, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो कटला अगदी मोजका.

मग ते लाखो गेले कुठं?

सगळ्यात आधी नाव घेतलं जातं चोरीचं. चोरी होते, यात शंका नाही. पण बहुतेक पिल्लं चोराच्या हाताला लागण्याएवढी मोठी होतच नाहीत. ती त्याच्या खूप आधी संपलेली असतात. कशी संपतात हे समजून घ्यायला अंबाजोगाईच्या आजूबाजूचं पाणी चांगलं उदाहरण आहे, कारण इथं छोटे साठवण तलावही आहेत आणि मांजरा धरणासारखं मोठं पाणीही आहे. वर दुष्काळ आणि पूर दोन्ही पाचवीला पुजलेले.

मांजरा नदी बीड जिल्ह्यातच, पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. अंबाजोगाईच्या नैर्ऋत्येला, केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे. एकूण साठवण सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातली उपयुक्त सुमारे १७७ आणि मृतसाठा ४७ च्या आसपास. लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब या गावांची तहान या पाण्यावर अवलंबून. उसाचीही, अर्थातच. या सगळ्यांचं भागल्यावर जे उरतं, त्यात मासे.

मुळात मासे सोडावे का लागतात?

साधा प्रश्न आहे. तलावात एकदा मासे सोडले की ते अंडी घालतील, पिल्लं होतील, दरवर्षी नवीन सोडायची गरज काय?

गोम इथंच आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे तिन्ही नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी गढूळ होतं, काठावरच्या उथळ शेतांत पसरतं, तेव्हा ते अंडी देतात. साचलेल्या पाण्यात माद्यांच्या पोटात अंडी तयार होतात, पण बाहेर पडत नाहीत. हळूहळू शरीरातच जिरून जातात. मोठ्या जलाशयात वरच्या अंगाला नदी जोरात येऊन मिळत असेल तर कधीकधी तिथं प्रजनन होतं. छोट्या साठवण तलावात तशी आशा ठेवण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे थंड देशांत शौकिनांसाठी ज्या तलावांत ट्राउट मासा सोडतात, तिथंही हेच दुखणं असतं. ट्राउटला अंडी घालायला वाहतं पाणी आणि तळाशी खडे लागतात. तलावात ते नसतं, म्हणून दरवर्षी पिल्लं सोडावी लागतात. आपल्याकडे ट्राउट काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नारच्या थंड पाण्यात टिकतो. त्याला वीस अंशांखालचं पाणी मानवतं. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्यात तो चार दिवस काढणार नाही. पण त्या तलावांचे व्यवस्थापक एक काम नेमानं करतात, ते आपल्याकडे क्वचित होतं. त्याबद्दल पुढे.

१९५७ पर्यंत आपल्याकडे कार्प माशांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. पुराच्या पाण्यात बारीक जाळी लावायची आणि जे येईल ते घ्यायचं. त्यात हव्या त्या माशासोबत नको तेही येई. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून साचलेल्या पाण्यात अंडी मिळवली. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो यामुळे. आज तुमच्या तालुक्यात पिशव्यांतून येणारं बीज याच तंत्राच्या पोटी जन्मलेलं आहे.

जिरे, बीज आणि बोटुकली

फोटोखाली 'मत्स्यबीज' एवढंच लिहिलेलं असतं. पण मासेमारीतल्या माणसासाठी यात तीन वेगळ्या वस्तू आहेत. अंड्यातून नुकतं निघालेलं, डोळ्याला जेमतेम दिसणारं ते मत्स्यजिरे. दोन-अडीच सेंटिमीटरचं झालं की मत्स्यबीज. आणि बोटाएवढं, आठ-दहा सेंटिमीटरचं झालं की बोटुकली.

तलावात कोण राहतं ते आठवा. शिवडा. मरळ. शिंगाळा. हे सगळे मांसाहारी. अडीच सेंटिमीटरचं बीज त्यांच्या दृष्टीनं पाहुणचार आहे, तोही घरपोच. बोटुकली मात्र त्यांच्या तोंडात सहज मावत नाही, शिवाय पळूही शकते. मोठ्या जलाशयात दहा सेंटिमीटरच्या आसपासचीच बोटुकली सोडा, असा सल्ला मत्स्यशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं देत आले आहेत.

मग सगळे बोटुकलीच का सोडत नाहीत? कारण ती महाग पडते आणि वाहून आणायला अवघड जाते. एका पिशवीत बीज हजारोंनी मावतं, बोटुकली काही शेकड्यांनी. आणि हिशेब जर 'किती लाख सोडले' या आकड्यावरच होणार असेल, तर लहान बीज सोडणं सगळ्यांनाच सोयीचं जातं. माशाला सोडून.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. समजा एक तलाव पूर्ण भरला की पाणी १०० हेक्टरवर पसरतं आणि मे महिन्यात २० हेक्टरवर येतं. बीजाचा हिशेब १०० हेक्टरवर करायचा नाही. सरासरी ६० हेक्टरवर करायचा. हेक्टरी १०० किलो मासळीचं लक्ष्य ठेवलं तर ६,००० किलो लागतील. मासा पाऊण किलोचा झाल्यावर पकडायचा ठरवला, तर ८,००० मासे हातात यायला हवेत. बोटुकली सोडली आणि चारातली एक जगली, तर ३२,००० पुरतात. अडीच सेंटिमीटरचं बीज सोडलं आणि शंभरातली तीनच जगली, तर पावणेतीन लाखांच्या घरात सोडावी लागतील.

म्हणजे फोटोत ३२,००० चा आकडा फिका दिसेल, पण पाण्यात तोच भारी ठरेल.

खर्च वाचवायचा एक मार्ग आहे. बीज लहानच आणायचं, पण थेट तलावात न सोडता काठालगत बारीक जाळीनं घेरलेल्या भागात किंवा तरंगत्या पिंजऱ्यात दोन-तीन महिने वाढवायचं. खाद्य म्हणून शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा. बोटाएवढी झाली की जाळी उचलायची. बाहेरून बोटुकली आणण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि प्रवासातली मरही वाचते. अट एकच, कुणीतरी रोज तिथं जायला हवं.

कधी सोडायचं, यावरही डाव जातो

बीज मिळतं जुलै ते सप्टेंबरमध्ये. तलाव भरतो तोही याच काळात. आणि सांडव्यावरून पाणी जातं तेही याच काळात. सप्टेंबर २०२१ च्या शेवटी मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले होते. ऑगस्टमध्ये सोडलेली पिल्लं अशा पाण्यासोबत खाली निघून जातात. नदीच्या दृष्टीनं ते वाईट नाही, पण ज्या संस्थेनं बीजाचे पैसे भरले तिच्या हाती काही लागत नाही. छोट्या तलावाच्या सांडव्यावर जाळी बसवता येते, ती काडीकचऱ्यानं तुंबू नये म्हणून सतत साफ ठेवावी लागते. मोठ्या धरणावर असलं काही चालत नाही. तिथं पिल्लं घेराच्या आत वाढवत ठेवून पुराचा जोर ओसरल्यावर सोडणं हाच शहाणपणा.

सोडतानाची चूक तर अगदी क्षुल्लक आणि अगदी नेहमीची. पिशवीतलं पाणी आणि तलावातलं पाणी यांच्या तापमानात फरक असतो. पिशवी फोडून पिल्लं थेट ओतली की त्यांना धक्का बसतो. बंद पिशवी आधी वीसेक मिनिटं तलावात तरंगत ठेवायची, मग तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं, आणि पिल्लांना आपणहून बाहेर पोहू द्यायचं. हे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. पाहुण्यांना यायला उशीर झाला म्हणून दुपारी बारा वाजता सोडलेल्या बीजाचं काय होतं, हे काठावर थांबलेल्या माणसालाच कळतं. तोवर पाहुणे गेलेले असतात.

चिलापीनं तलाव कसा ताब्यात घेतला?

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेचा. याला पुराची गरज नाही. साचलेल्या पाण्यात, वर्षातून अनेकदा पिल्लं काढतो, आणि मादी अंडी-पिल्लं तोंडात धरून सांभाळते. म्हणजे जिथं कटल्याची पिल्लं उघड्यावर शिकार होतात, तिथं चिलापीची पिल्लं आईच्या तोंडात सुरक्षित. काही वर्षांत तलावात चिलापीची इतकी दाटी होते की कुणालाच पोटभर मिळत नाही आणि सगळे लहानखुरेच राहतात. उजनीच्या काठावर जाऊन विचारलं तर चिलापीनं किती जाळी व्यापली आहेत ते कुणीही सांगेल.

पण चिलापीला नुसतं खलनायक ठरवूनही चालणार नाही. गरिबाच्या ताटातला तो स्वस्त मासा आहे आणि दुष्काळी वर्षात अनेक मच्छीमार कुटुंबांची चूल त्याच्यावर पेटते. तलावातून त्याला पूर्ण हटवणं जवळपास अशक्य आहे, तलाव कोरडा पडल्याशिवाय. तेव्हा उपाय म्हणजे त्याला सतत पकडत राहणं आणि शिवडा-मरळ यांना समूळ संपवण्याच्या फंदात न पडणं, कारण चिलापीची पिल्लं खाणारे तेच आहेत. बोटुकली मोठी सोडली की शिवडा शत्रू राहत नाही, निम्मा राखणदार होतो.

खरी पंचाईत जाळ्याची आहे. जाळ्याच्या छिद्राला मच्छीमार 'आस' म्हणतात. बारीक आसाचं जाळं लावलं की चिलापी निघते, पण सोबत पाव किलोचा कटलाही निघतो. इथं एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाव किलोचे हजार कटले आज काढले तर अडीचशे किलो मिळतात. तेच पाच महिने राहू दिले, त्यातले दोनशे मेले किंवा चोरीला गेले असं धरलं, आणि उरलेले आठशे प्रत्येकी आठशे ग्रॅमचे झाले, तर ६४० किलो. शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भावही जास्त. म्हणून बारीक आस फक्त काठाच्या उथळ पाण्यात, चिलापीच्या जागी वापरायची आणि खोल पाण्यात मोठ्या आसाचीच जाळी टाकायची, हा नियम जिथं पाळला जातो तिथं फरक दोन हंगामांत दिसतो.

बाकी सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. पाणी पिण्याचं असेल तर त्याला गुन्हा हा शब्दही लहान पडतो.

पण तलावच आटला तर?

आता इथं पुस्तकी व्यवस्थापन अडखळतं. 'पाच महिने थांबा' हे सांगणं सोपं आहे. एप्रिलमध्ये पाणीच नसेल तर थांबायचं कशासाठी?

२०१६ आठवा. मांजरा कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. त्या वर्षी माणसाच्या पाण्याचीच भ्रांत होती, माशाचं कोण विचारणार? धरण मृतसाठ्यात गेलं की उरलेले मासे खड्ड्यांत गोळा होतात, पाणी तापतं, ऑक्सिजन घटतो, आणि जे पकडले जात नाहीत ते मरतात. मग पावसाळ्यात पाणी येतं आणि सगळं शून्यापासून. अशा अनुभवातून गेलेल्या मच्छीमारानं लहान मासा दिसताच पकडला, तर त्याला अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे.

म्हणून मराठवाड्यात तलावाचे दोन प्रकार वेगळे धरावे लागतात. बहुतेक वर्षी उन्हाळ्यातही ज्यात पाणी टिकतं ते, आणि मार्च-एप्रिलमध्ये आटतात ते.

आटणाऱ्या तलावासाठी एक चांगली युक्ती आहे. मागच्या वर्षीची पिल्लं शेततळ्यात दाटीवाटीनं आणि अर्धपोटी ठेवायची. वय वाढतं, अंग वाढत नाही. जुलैत तलाव भरला की ही वर्षभराची, वाढ रोखलेली पिल्लं सोडायची. मोकळं पाणी आणि भरपूर अन्न मिळताच ती राहिलेली वाढ झपाट्यानं भरून काढतात. आंध्रच्या मत्स्यशेतकऱ्यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. सात-आठ महिनेच पाणी टिकणाऱ्या तलावात, नव्या बीजाला जे जमत नाही ते या पिल्लांना जमतं. अंबाजोगाई-केज भागात आता शेततळी कमी नाहीत. उन्हाळ्यात त्यांत थोडं पाणी राखणं हाच काय तो प्रश्न.

टिकणाऱ्या तलावात एक खोल डोह राखून ठेवता येतो. राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. उन्हाळ्यात पोकलेननं गाळ निघतो, शेतकरी तो शेतात नेतात. गाळ काढताना सगळीकडे सारखं खरवडण्याऐवजी एका जागी खोली वाढवली तर तिथं मे महिन्यातही मासे तग धरू शकतात. त्याच वेळी बुडीत क्षेत्रातल्या बाभळीची खोडं काढून घेतली तर पुढे जाळी फाटत नाहीत. या दोन्ही कामांना वेगळा पैसा लागत नाही. लागतं ते पाटबंधारे खात्यानं आणि मच्छीमार संस्थेनं एकदा एका टेबलाशी बसणं.

'तलावात विष टाकलं' हा मेसेज

जूनमध्ये असा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मेलेल्या माशांचा थर, नाकाला रुमाल लावलेली माणसं, आणि 'विषप्रयोगाचा संशय'. कधी तो संशय खरा निघतो. पण अनेकदा कारण साधं असतं. उन्हाळ्यात पाणी कमी, गरम आणि शेवाळानं हिरवं झालेलं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन ओढून घेतं. वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडतो, गटाराची घाण आणि माती तलावात येते, तळाचा सडलेला गाळ ढवळला जातो, आणि ढगाळ हवेमुळे शेवाळाचं दिवसाचं कामही मंदावतं. पहाटेपर्यंत ऑक्सिजन संपतो. सूर्योदयाआधी मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसले, तर संकट दारात आहे असं समजायचं. त्या दिवशी जाळी टाकून शक्य तेवढा मासा काढून घेणं हे नुकसान कमी करण्याचं पहिलं पाऊल.

ठेका, पिंजरे आणि एक वही

महाराष्ट्रात तलाव-जलाशय मासेमारीसाठी ठेक्यानं दिले जातात आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांचं स्थान महत्त्वाचं आहे. या भागात अशा संस्थांत भोई समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कागदावर ठेका संस्थेचा आणि प्रत्यक्षात पैसा-बीज-बाजार बाहेरच्या व्यापाऱ्याचा, अशी तक्रार राज्यात अनेक ठिकाणी ऐकू येते. व्यापाऱ्याला याच हंगामाचा नफा हवा असतो, पुढच्या वर्षीचा तलाव त्याचा असेलच असं नाही. बारीक आसाचं जाळं कुठून येतं, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. कर्ज, विमा, वीजदर यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळण्याचा रस्ता त्यातून खुला होतो. आटणाऱ्या तलावाच्या मच्छीमाराला यातल्या विम्याचं मोल सर्वांत जास्त, कारण त्याचं पीक पावसावरच आहे.

पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाचीही सध्या चलती आहे. जलाशयात तरंगते पिंजरे, त्यात पंगस किंवा सुधारित चिलापी, आणि रोजचं खाद्य. उत्पन्न भरघोस. पण खाद्याचा उरलेला भाग आणि माशांची विष्ठा पाण्यातच जाते. मांजरासारख्या, शहरांच्या पिण्याच्या आणि दर काही वर्षांनी तळ गाठणाऱ्या पाण्यात पिंजऱ्यांची संख्या मोजूनमापूनच ठेवायला हवी, आणि पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की ते उचलायला हवेत. बोटुकली वाढवायला हंगामी पिंजरे वापरणं या मानानं कितीतरी निर्धोक.

आता ट्राउटवाल्यांचं ते राहिलेलं काम. ते नोंद ठेवतात. किती सोडले, केवढे सोडले, किती पकडले, केवढे पकडले. काही ठिकाणी सोडण्याआधी पिल्लाच्या एका पराचं टोक कापतात, म्हणजे पुढे जाळ्यात आलेला मासा कोणत्या वर्षी सोडलेला ते ओळखता येतं.

आपल्याकडे सोडल्याची नोंद असते, पकडल्याची अर्धवट. भारतातल्या जलाशयांचा आढावा घेणारा व्ही. व्ही. सुगुणन यांचा अहवाल जागतिक अन्न व कृषी संघटनेनं १९९५ मध्ये छापला. त्यात देशाची सरासरी हेक्टरी सुमारे २० किलो निघाली. लहान जलाशयांत ५० च्या आसपास, मध्यम आणि मोठ्यांत ११-१२. नीट व्यवस्थापन झालं तर याच पाण्यातून कितीतरी पट मिळू शकतं, असा त्याचा निष्कर्ष होता. एखादा तलाव या सरासरीच्या वर आहे की खाली, हे वहीशिवाय सांगता येत नाही.

वहीत फार काही लागत नाही. तारीख, किती जाळी टाकली, कोणत्या आसाची, कटला-रोहू-मृगळ किती किलो, चिलापी किती किलो, आणि त्यातल्या दहा कटल्यांचं वजन. दोन वर्षांनी ही वही उघडली की जाळ्यामागे किलो घटताहेत का, कटल्याचं सरासरी वजन उतरतंय का, सोडलेल्या हजारांतले किती हाती आले, हे समोर दिसतं. मग पुढच्या जुलैत बीज किती आणि केवढं मागवायचं, ते त्या वहीवरून ठरवता येतं.